जोडलेलं बिल

सिकंदर मुलाणीचं पोट मोटरसायकलच्या सीटा शिवण्यावर चालतं. पण इंदापूरजवळच्या निमगाव केतकीत त्याला ओळखतात ते 'अर्जवाले सिकंदरभाई' म्हणून. शाळा नववीतच सुटली. रेशनचे नियम, निराधाराची पेन्शन, माहितीचा अधिकार, हे सगळं गड्यानं कचेऱ्यांच्या पायऱ्यांवर बसून पाठ केलेलं. सीटला टाके घालता घालता तो तोंडानं अर्ज सांगायचा आणि समोरचा लिहून घ्यायचा. राग मात्र नाकाच्या शेंड्यावर. अर्जात एक कागद कमी असला की बापाच्या वयाच्या माणसालाही झापायचा, "पुरावा न्हाय तर घरी बसा की!"

गेल्या उन्हाळ्यात तो गल्लीतल्या आबाजींच्या पेन्शनचा कागद घेऊन बारामतीला गेला. कचेरीपुढं गाडी लावायला तसूभर जागा नव्हती. रस्त्यापलीकडं एक मोठं सुपरमार्केट, त्याच्यापुढं फरशी घातलेलं मैदान, अर्धं रिकामं. सिकंदरनं गाडी तिथं लावली आणि कचेरीत गेला. दोन तासांनी आला, तर पुढच्या चाकाला साखळी आणि कुलूप.

"कुणी घातली ही बेडी?"

"मी घातली, दादा." पन्नाशीची एक बाई खुर्चीवरनं उठली. लुगड्यावर पिवळं जाकीट, गळ्यात शिट्टी. "हितं गिऱ्हाइकाला पार्किंग फुकट हाय. तुमी दुकानात गेला न्हाय, रस्ता वलांडून कचेरीत गेला. तीनशे दंड भरा, सोडते."

"एवढ्या गाड्यांत माझ्यावरच बरा डोळा हुता तुमचा?"

बाई हसली. "सासऱ्याची दोनशे मेंढरं हुती आमच्या. कुठलं कुणाच्या रानात शिरलंय ते लांबनं सांगायची मी. ह्या गाड्या तर जागच्या हलत बी न्हाईत."

"सारजाबाई, पैसे घेतल्याबिगर सोडू नगा!" दारातला वॉचमन ओरडला.

तीनशे रुपये गेले ते गेलेच, पण चार माणसांसमोर गेले. सिकंदरची कानशिलं तापली. भिंतीवर पाटी होती, 'पार्किंग फक्त ग्राहकांसाठी', आणि दंडाची ओळ खाली मुंगीएवढ्या अक्षरात. त्याच्याखाली ठेकेदाराचा नंबर. तो टिपायला कागद नव्हता, म्हणून त्यानं दाराजवळच्या टोपलीतनं एक चिठोरं उचललं, त्याच्या पाठीवर नंबर लिहिला आणि खिशात कोंबलं.

मग त्यानं आपलं नेहमीचं हत्यार काढलं. माहितीच्या अधिकारात त्या इमारतीचा मंजूर नकाशा मागवला. महिन्याभरानं नकाशा आला आणि सिकंदर एकटाच मोठ्यानं हसला. समोरचं मैदान नकाशात सगळ्यांसाठी खुलं, विनाशुल्क वाहनतळ म्हणून दाखवलेलं. म्हणजे गिऱ्हाईक असो नसो, कुणाकडनंही दमडी घ्यायचा ह्यांना हक्क नाही. लढाई तिथंच जिंकल्यात जमा होती.

बारामतीच्या तहसील कचेरीत महिन्याला ग्राहकांच्या तक्रारींची बैठक भरते, तिथं अर्ज द्यायचं त्यानं ठरवलं. अर्जाचा छापील नमुना भरता भरता तो पाचव्या रकान्यापाशी अडला. 'तक्रारदार सदर दुकानाचा ग्राहक आहे काय? असल्यास पुरावा जोडावा.'

ग्राहक तर तो नव्हता. आत पाऊलही टाकलं नव्हतं त्यानं. ठेकेदाराचा नंबर लिहिलेलं चिठोरं समोरच पडलं होतं. सहज उलटून बघितलं तर बिल! तारीख तीच, वेळ बारा वाजून दहा मिनिटं. पोहे, साबण, लहान मुलाचे डायपर. कुणीतरी जाताना टोपलीत टाकलेलं.

नकाशा घेऊन सरळ नगरपरिषदेत जाता आलं असतं. पण तिथल्या चकरा त्याला माहीत होत्या, आणि त्याला त्या ठेकेदाराला समोरासमोर बसवून हाणायचं होतं. चोराच्या दारात कसलं सोवळं पाळायचं, असं म्हणत त्यानं बिलाची एकाच बाजूची झेरॉक्स काढली आणि वर लिहिलं, 'जोडपत्र क्रमांक दोन'.

बैठकीला अध्यक्ष म्हणून एक मॅडम होत्या. दुकानाचा मॅनेजर आला होता. पार्किंगचे ठेकेदार मोहनराव आले होते आणि त्यांनी साक्षीला सारजाबाईला आणलं होतं. मॅडमनी बिल वाचलं. "डायपर? घरात लहान मूल आहे का?"

"नातू हाय," सिकंदर म्हणाला. नातू अजून व्हायचा होता.

"न्हाई मॅडम," सारजाबाई हात जोडून उभी राहिली. "ते बिल ह्यांचं न्हाय. ह्ये आत गेलंच न्हाईत. माझ्या डोळ्यांदेखत कचेरीत गेलं."

सिकंदर ताडकन उठला. "कुठं लिवून ठेवलंय? वही हाय? क्यामेरा हाय?"

कॅमेऱ्यातलं पंधरा दिवसांनी पुसलं जातं, असं मॅनेजर पुटपुटला.

"मग कशाच्या जोरावर बोलता, बाई? हितं कागदावर कारभार चालतो. तुमी काय अजून मेंढरंच राखताय व्हय?"

सगळी खोली हसली. मोहनरावही हसले. सारजाबाईनं पदर खांद्यावर ओढला, सिकंदरकडं एकदा बघितलं आणि खाली बसली. ती रागानं बघती तर बरं झालं असतं. चुकीच्या घरात शिरलेल्या माणसाकडं बघावं तसं बघितलं तिनं.

मोहनराव मुरलेला माणूस. त्यांनी वारं ओळखलं. "मॅडम, गिऱ्हाइकाला दंड करायची आमची पद्धतच नाही. बाईची चूक झाली. मी माफी मागतो, पैसे आत्ता परत देतो."

"छान. विषय संपला," मॅडम म्हणाल्या.

"संपला कसा?" सिकंदरनं नकाशा फडकावला. "ह्यो बघा. जागा सगळ्यांना खुली हाय!"

"मुलाणी, तुम्ही ग्राहक आहात. ग्राहकाला पार्किंग फुकटच आहे. जे ग्राहक नाहीत त्यांची तक्रार त्यांनी करावी. तुमचा काय संबंध?"

सिकंदरनंच जोडलेल्या बिलानं त्याच्या नकाशाचा गळा धरला होता. पाकिटात तीनशे रुपये घालून मोहनरावांनी त्याच्या हातात दिले, वर फोटोही काढला.

तो फोटो त्याच्याआधी निमगावात पोचला. 'सिकंदरभाईंनी सुपरमार्केटला झुकवलं.' बाजाराच्या दिवशी तीन जणांनी चहा पाजला. तिन्ही चहा त्यानं प्यायला. पण एकदाही हकीकत रंगवून सांगितली नाही.

पंधरा दिवसांनी तो पुन्हा बारामतीला गेला. पाटी होती तिथंच होती. साखळी घेऊन दुसराच एक माणूस बसला होता.

"मावशी कुठं गेल्या?" सिकंदरनं विचारलं.

"सारजाबाई? काढलं की तिला. गेली आपल्या गावी, सांगवीला. गिऱ्हाइकाच्या गाडीला साखळी घातली आन् वर साहेबांपुढं लबाड बोलली. कोण एक अर्जवाला हाय इंदापूरकडचा, त्यानं पार बोलती बंद केली म्हणं तिची."

परतीच्या वाटेवर लासुर्णे मागं पडलं तरी सिकंदरच्या कानात तेवढंच. लबाड बोलली. घरी बायकोनं, शबानानं ताट वाढलं, त्यानं ते सरकवलं आणि सगळं तिला सांगून टाकलं.

शबाना म्हणाली, "तुमी लोकांचं कागद बघून म्हणता, ह्यो खोटा हाय, उचल. तुमचा कुणी बघायचा?"

"जागा खुलीच हाय, शबाना. मी चुकीचं मागत न्हवतो."

"मग खोटं कशाला जोडलं?"

खरं उत्तर एवढंच, की चार माणसांत झालेला अपमान त्याला चार माणसांतच फेडायचा होता.

सांगवीत 'पार्किंगवाली सारजा' म्हटल्यावर लोकांनी बोट दाखवलं. ती कांद्याच्या रानात खुरपत होती. सिकंदर बांधावर उभा राहिला.

"मावशी, मी आत गेलो न्हवतो. बिल टोपलीतलं हुतं. चुकलं माझं."

तिनं मान वर केली नाही. "मला कशाला सांगताय? मला ठावंच हुतं की."

"कामाचं मी बघतो कुठंतरी."

"काम हाय हे. हात हायत तंवर काम मिळंल." खुरपं थांबलं. "पर माझी सून, घरातलं माणूस, ती मला इचारती, आत्या, खरंच ते आत गेलं न्हवतं का वो? आता तिला काय दावू मी? ज्यांनी हसून घेतलं त्यांस्नी जाऊन सांगा. माझी ही पात खुरपून व्हायचीय."

"पुढच्या सोमवारी बैठक हाय. तुमी या. तुमच्यासमोर सांगतो."

"आन् हजेरी बुडवू व्हय तुमच्यासाठी?"

सोमवारी सिकंदर एकटाच गेला. मॅडम त्याच, मोहनराव दुसऱ्या कुठल्या तक्रारीसाठी आलेले, आणि निमगावचा दादासो त्याच्या बारामतीतल्या गाळ्याच्या विजेच्या बिलासाठी रांगेत. सिकंदरनं स्वतःच्या हातानं लिहिलेला कागद उभ्यानं वाचला. 'मी त्या दिवशी ग्राहक नव्हतो. जोडपत्र क्रमांक दोन माझे नाही. सारजाबाई खरे बोलत होत्या. मी त्यांना जाणूनबुजून खोटे पाडले.' शेवटच्या वाक्याला आवाज फाटला, म्हणून ते त्यानं पुन्हा वाचलं.

दादासोनं नजर पंख्याकडं वळवली.

"मग माझे तीनशे परत द्या, सिकंदरभाई," मोहनराव म्हणाले, आणि ह्या वेळी हसू सिकंदरवर होतं. त्यानं तेच पाकीट टेबलावर ठेवलं.

"खोटा कागद दिल्याबद्दल तुमच्यावर कारवाई होऊ शकते, कळतंय का?" मॅडमनी विचारलं.

"व्हावी. पर नकाशाची तक्रार आता माझीच हाय. गिऱ्हाईक नसलेला माणूस मीच."

मॅडमनी त्याच्याकडं जरा निरखून बघितलं. नकाशा नगरपरिषदेकडं पाठवा, असं त्यांनी लिहायला लावलं. मग सिकंदर म्हणाला, बाई खरं बोलत होती हे तेवढं बैठकीच्या वहीत चढवा आणि मला शिक्क्याची नक्कल द्या, तिच्या घरी द्यायचीय.

क्लार्कनं वही ओढली. "बाईंचं पूर्ण नाव सांगा."

"सारजाबाई."

"सारजाबाई काय? नवऱ्याचं नाव, आडनाव?"

सिकंदरनं शेकडो लोकांची पूर्ण नावं आधारकार्डावरनं अक्षर न अक्षर तपासून लिहिली होती. हिचं नाव त्यानं विचारलंच नव्हतं. ना भांडताना, ना बांधावर माफी मागताना.

"फोन लावा त्यांना."

"नंबर न्हाय."

क्लार्कनं पेनाचं टोपण लावलं. "साडेपाचला कचेरी बंद होती, भाई."

सिकंदरनं घड्याळाकडं बघितलं नाही. जिना उतरला, गाडीला किक मारली आणि सांगवीच्या रस्त्याला लागला.