बाबांच्या कॉम्प्युटरवरची चाळीस मानपत्रं

ऑफिसात प्रिंटर अडला की सगळे मला हाक मारतात. मी जाते, प्रिंटर बंद करते, मनात दहापर्यंत मोजते आणि पुन्हा चालू करते. एवढ्या एका विद्येच्या जोरावर मी गेली वीस वर्षं तिथली कॉम्प्युटरतज्ज्ञ आहे. त्यामुळे नायगावला राहणाऱ्या वडिलांनी फोन करून "कॉम्प्युटरला नोटीस आली आहे" असं सांगितलं तेव्हा मी अजिबात घाबरले नाही.

नोटीस म्हणजे पडद्यावर रोज उगवणारा एक निळा चौकोन. जुन्या सिस्टीमची मुदत संपत आली, आता नवी टाका, असं त्यात लिहिलेलं. बाबा जन्मभर सरकारी कार्यालयात मराठी टंकलेखक होते, नोटीस दुर्लक्षित ठेवणं त्यांच्या रक्तात नाही. त्यांनी मुदतवाढ मिळण्याबाबतचा विनंती अर्ज टाइप करून ठेवला होता आणि तो कुणाच्या नावे पाठवायचा, एवढंच त्यांना माझ्याकडून हवं होतं.

"बाबा, अर्ज नको. मी शनिवारी येते आणि अपग्रेड करून टाकते," मी म्हटलं.

"रविवारी मास्तरांचा कार्यक्रम आहे. त्याच्या आत काही गडबड नको."

"बाबा, मी रोज हेच करते," मी बेधडक खोटं बोलले.

मास्तर म्हणजे जूचंद्रचे निवृत्त शिक्षक, बाबांचे एकुलते एक मित्र. त्यांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत होती, गावातल्या सभागृहात सत्कार होता आणि मानपत्र बाबा लिहिणार होते. आमच्या भागात कुणी निवृत्त होवो, कुणाची साठी असो, सोसायटीचा अध्यक्ष पायउतार होवो, मानपत्र बाबांचंच. ते स्वतःच टाइप करतात, स्वतःच खणखणीत आवाजात वाचतात आणि मग ते फ्रेममध्ये घालून त्या माणसाला देतात. मास्तरांच्या मानपत्रावर मात्र ते तीन महिने बसले होते. मी खोलीत शिरले की पडदा झाकायचे.

हा कॉम्प्युटर मी आणला होता, आई गेली त्या वर्षी, बाबांचं मन रमावं म्हणून. मी विरारला, नोकरी, मुलांच्या परीक्षा. रोज येणं काही जमणारं नव्हतं. बाबांचंही मन रमलं असावं. टाइपरायटरवर जी बोटं बसली होती तशीच चालतील असा एक जुना मराठी फॉन्ट त्यांनी वसईच्या एका छापखान्यातून मिळवला, लग्नपत्रिका छापतात तिथून. त्यानंतर त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

शनिवारी सकाळी मी पेन ड्राइव्ह घेऊन पोहोचले. बाबांच्या सगळ्या फायली मी आधी नीट कॉपी करून घेतल्या. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे जे झालं त्यात हा मुद्दा कुणीच लक्षात घेतला नाही. दसऱ्याचं हळदीकुंकू अजून कॉम्प्युटरच्या डब्याच्या कपाळावर होतं. सिस्टीमने मला विचारलं की जुनं ठेवायचं की सगळं पुसून नव्याने सुरुवात करायची. माझ्यात स्वच्छतेची हौस संचारली. मी म्हटलं, पूस.

बाबा गुडघ्यांवर हात ठेवून टक्के वाढताना बघत बसले. मशीन तीनदा बंद होऊन चालू झालं आणि तिन्ही वेळा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. शेवटी एक सुंदर निळं चित्र उमटलं. मी फायली परत टाकल्या आणि ऐटीत खुर्ची त्यांच्याकडे सरकवली.

बाबांनी मास्तरांचं मानपत्र उघडलं. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, डॉलर, कंस, स्वल्पविराम यांचा खच पडला होता. मराठी औषधाला नव्हतं.

"हे काय आहे?" बाबांनी विचारलं.

फायली होत्या, फॉन्ट नव्हता. सगळं पुसताना तो छापखान्याचा फॉन्टही पुसला गेला होता, आणि त्याच्याशिवाय त्यांचं लिखाण असं दिसणार होतं. मी छापखान्यात फोन लावला. मालकाच्या भाचीचं लग्न होतं. बँडच्या आवाजात त्यांनी ओरडून सांगितलं, सोमवारी या, सीडी शोधून ठेवतो. मग मी इंटरनेटवरून तसले दोन फॉन्ट उतरवले. पहिल्याने काहीच फरक पडला नाही. दुसऱ्याने अक्षरं मराठी झाली पण निम्म्या वेलांट्या आणि मात्रा गळून पडल्या आणि उरलं ते कुणालाही वाचता येईना.

"कागदावर कच्चं असेल ना?" मी विचारलं.

"टंकलेखक कच्चं लिहीत नाही," बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता. एरवी ते माझ्यावर चिडतात, ओरडतात. त्या दिवशी ते नुसते बसून राहिले.

काहीतरी करायचं म्हणून मी बाकीची मानपत्रं उघडून पाहू लागले. चाळीस होती. पोस्टमास्तर, बँकेचे साहेब, चांदीपचे भातशेतीवाले काका, आमचे तिसऱ्या मजल्यावरचे माजी अध्यक्ष. आणि वाचता येत नसल्यामुळेच मला ते दिसलं. सगळ्यांमध्ये डॉलर त्याच जागी होता. कंस त्याच ओळीत उघडत होता आणि त्याच ओळीत मिटत होता. एका माणसाचं नाव काढून दुसऱ्याचं घातलं होतं, बाकी शब्दाला शब्द एकच.

"बाबा! चाळीसही एकच आहेत!"

ते जरा ओशाळले. "चांगल्या माणसाबद्दल असं किती वेगळं लिहिणार? आणि कधी कुणाची तक्रार आली नाही."

मला इतकं हसू आलं की खुर्ची धरावी लागली. प्रश्नच सुटला होता. मी तिसऱ्या मजल्यावर जाऊन माजी अध्यक्षांच्या भिंतीवरच्या फ्रेमचा फोटो काढला आणि परत आले. "हे घ्या. नाव बदला, झालं."

"मास्तरांचं तसं नाही," बाबा म्हणाले. "ते वेगळं आहे."

मी फाईल पुन्हा पाहिली. खरंच, तिचा एकही डॉलर बाकीच्यांशी जुळत नव्हता.

"मग तोंडाने सांगा ना. तुम्हीच लिहिलंय."

"तोंडाने सांगता आलं असतं तर तीन महिने टाइप कशाला केलं असतं?"

शेवटी नाइलाजाने मी फोटोवरून नाव बदलून एक प्रत हातानेच लिहून दिली. बाबांनी ती न वाचता खिशात घातली.

मास्तर हा माणूस मला कधी फारसा पटला नव्हता. ते रोज पाच वाजता येतात, थेट स्वयंपाकघरात घुसतात, स्वतः चहा करतात, बाबांना देतात, स्वतः पितात. शनिवारी मी समोर असले तरी तसंच. मी म्हणायचे, बाबा, तुम्ही बिनपगारी आचारी ठेवलाय. आमच्याकडची चहा पावडर इतकी लवकर कशी संपते, हे मला पक्कं ठाऊक होतं.

रविवारी सभागृहाच्या दारात मास्तरांचा चेहरा रांगोळीत काढला होता. रांगोळीसाठी नावाजलेल्या जूचंद्रच्या पोरींचा हात तो, मास्तरांपेक्षा रांगोळीच जास्त मास्तरांसारखी दिसत होती. भाषणं झाली, शाल झाली, नारळ झाला. मग बाबा उठले. खिशातून माझ्या अक्षरातला कागद काढला आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली: "अत्यंत मनमिळाऊ, परोपकारी, निगर्वी आणि कर्तव्यतत्पर..."

"थांब, थांब!" सत्काराच्या खुर्चीतून मास्तर ओरडले. "यो माझा नाय! यो त्या तुमच्या चेरमनचा हाय. त्याच्या आधी पोस्टमास्तरचा व्हता. सगल्या कार्यक्रमांना तुझ्यासंगती मीच येतंय, मना पाठ झालाय!"

सभागृहात हशा पिकला. तिसऱ्या मजल्यावरचे माजी अध्यक्ष हसत नव्हते. बाबांचे कान लाल झाले. त्यांनी कागद खाली केला आणि माझ्याकडे पाहिलं. मी पायातल्या चपलेकडे पाहिलं.

मग त्यांनी कागदाची घडी केली.

"माझी बायको गेली," ते म्हणाले. हा त्यांचा खणखणीत आवाज नव्हता, मागच्या रांगेतले लोक पुढे वाकले. "त्यानंतर एक वर्ष मी कुणाशी बोललो नाही. हा माणूस रोज पाच वाजता यायचा. चहा करायचा. मला द्यायचा. कप धुवायचा आणि जायचा. स्वतःला सावरा असं एकदाही म्हणाला नाही. एक वर्षाने मी म्हटलं, चहात साखर जास्त होते. तर हा म्हणाला, मग आधी सांगायचा ना."

एवढं बोलून बाबा खाली बसले. मास्तर शालीच्या टोकाने डोळे पुसत होते आणि शेजारच्याला सांगत होते की शालीचा रंग डोळ्यांना झोंबतो. मीही रडले. चहा पावडरीचा हिशेब मनात आला आणि मला स्वतःची लाज वाटली.

सोमवारी मी रजा टाकली. वसईहून सीडी आणली, बाबांच्या मशीनला सीडी घालायची सोय नव्हती म्हणून शेजाऱ्यांचा जुना लॅपटॉप मागून सीडीतला फॉन्ट पेन ड्राइव्हवर घेतला आणि मग मशीनमध्ये घातला. बाबा गॅलरीत दोरीवरचे कपडे काढत होते. फॉन्ट बसला की नाही हे मराठी वाचल्याशिवाय कळणार कसं? मी मास्तरांची फाईल उघडली.

सगळी अक्षरं जागेवर आली होती. चहा होता, साखर होती, कप धुणंही होतं. बाबांनी सभागृहात जवळजवळ तेच सांगितलं होतं, फक्त मधल्या तीन ओळी गाळल्या होत्या. त्या अशा होत्या:

"मला करमावं म्हणून मुलीने कॉम्प्युटर आणून दिला. ती शनिवारी यायची. उरलेले सहा दिवसही मास्तर यायचे."

त्यात तक्रार कुठेच नव्हती. टंकलेखकाने वस्तुस्थिती नोंदवावी तसं लिहिलं होतं. मी ते दोनदा वाचलं आणि फाईल बंद केली.

"आलं का मराठी?" बाबांनी गॅलरीतून विचारलं.

"आलं," मी म्हटलं. मी खुर्ची मागे सरकवून उठले. "चहा टाकते मी."

"राहू दे गं," बाबा कपड्यांच्या घड्या घालत म्हणाले. "पाच वाजत आले, मास्तर येतीलच. तुला साखरेचा डबा सापडायचा नाही."