कपाटातला बल्ब

मिलिंद गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यालाच फोन लावायच्या बेतात होते. माझ्या लॅपटॉपवर दोन अक्षरं उमटत नव्हती, आणि खरं सांगायचं तर त्याची फिरकी घ्यायला एक निमित्तही हवं होतं... शेजारच्या दुकानदाराने सांगितलं, सकाळी शटर उघडता उघडता कोसळला. हृदय. सत्तेचाळीस हे काय जायचं वय आहे? मी फोन ठेवला आणि कितीतरी वेळ मिलिंदवर रागावूनच बसले. रडू नंतर आलं.

लोणावळ्याच्या बाजारात एका जिन्याखाली त्याचं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान होतं. राहायला मात्र तो कामशेतजवळच्या वडिवळ्यात, आईबरोबर. आमची ओळख आठ वर्षांपूर्वीची. मी तेव्हा आंदर मावळातल्या एका शाळेवर होते. ऐन श्रावणात शाळेचा लॅपटॉप बंद पडला. काळ्या पडद्यावर एकच पांढरी ओळ, ड्राइव्ह सापडत नाही. वर्षभराचं सगळं काम त्यात होतं. मी दर पाच मिनिटांनी बटण दाबून पाहत होते. एसटी नव्हती म्हणून मिलिंद मोटरसायकलवर निघाला, ती चिखलात रुतली तशी ओढ्याकाठी सोडून चालत आला, आणि गुडघ्यापर्यंत राड घेऊन दारातूनच ओरडला, "बाई, त्येला सारखं सारखं उठवू नगा! हाय त्ये बी जाईल."

मग त्याने खिडकीच्या गजाला हात लावला. मला वाटलं नमस्कार करतोय; पण अंगातली वीज आतल्या भागांना बाधू नये म्हणून आधी लोखंडाला हात लावायचा, ही त्याची शिस्त. स्क्रू ज्या क्रमाने काढले त्याच क्रमाने चिक्कीच्या रिकाम्या डब्यात मांडले. आतून बोटभर पट्टी निघाली, टोकाला सोनेरी दात असलेली. हीच ती ड्राइव्ह. मी मदत म्हणून फुंकर घालायला वाकले, तर त्याने हात आडवा घातला. "तोंडाची वल लागती, बाई." माझ्या टेबलावरचा खोडरबर घेऊन त्याने ते दात हलकेच घासले, पट्टी परत बसवली आणि लॅपटॉप सुरू झाला. दमट हवेने दातांवर थर धरला होता, एवढंच. जाताना बजावून गेला, "कपाटात पिवळा बल्ब लावून ठिवा. आमच्या घरी पावसाळाभर असतो. आई कपड्यांसाठी लावती, मी मशिनीसाठी." मी लावला, आणि त्या शाळेत असेपर्यंत पुन्हा तशी वेळ आली नाही.

दूरच्या शाळांवर दरवेळी जाणं त्यालाही जमेना. मग तो घरी ओटीवर लॅपटॉप घेऊन बसायचा आणि काय करायचं ते बोलून रेकॉर्ड करून पाठवायचा. आम्ही शिक्षक टेकाडावर जाऊन, रेंज मिळाली की ते ऐकायचो. अर्धा वेळ दुरुस्ती, अर्धा वेळ आमची खरडपट्टी. काम झालं की पुसून टाकायचो. माझ्याकडे चार-पाच रेकॉर्डिंग राहिली होती, तीही गेल्या वर्षी फोन बदलला तेव्हा गेली. गेली तर गेली म्हटलं. माणूस होताच की...

त्याच्या घरी पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धवंदना झाली, पाहुणे पांगले. मी मागे राहून सतरंज्या आवरल्या आणि मिलिंदच्या खोलीतून निघताना बोर्डावरची सगळी बटणं खटाखट बंद केली. बत्तीस वर्षं वर्ग रिकामा झाला की हेच करत आले. कपाटाचं दार लावलेलं होतं, आतला बल्ब मला दिसला नाही. अर्थात ही सबब झाली. त्या घरात पावसाळाभर बल्ब असतो हे मला आठ वर्षं ठाऊक होतं.

पाच आठवड्यांनी त्याच्या आईचा फोन आला; मी त्यांना मावशी म्हणते. "बाई, त्याचा त्यो लॅपटॉप उघडून द्या. आवाज हाय त्यात त्याचा. मला ऐकायचाय." मी गेले. त्या दिवसापासून कुणी न उघडलेलं कपाट उघडलं तर कुबट वास आणि बल्ब विझलेला. लॅपटॉप सुरू केला, तीच पांढरी ओळ. पुण्यातल्या एका दुरुस्तीवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, नवीन ड्राइव्ह टाकून देतो, जुन्यातलं गेलं समजा. मावशी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मला राहवेना.

"मावशी, कपाटातला बल्ब मी बंद केला. त्या दिवशी."

त्या म्हणाल्या, "मुद्दाम केलं का तुमी? न्हाई ना? त्यानं दावलंय न्हवं तुमाला कसं करायचं? मग करा."

बल्ब लावला. लॅपटॉप दोन दिवस तसाच कपाटात ठेवला. घाई नाही, हा त्याचाच धडा. तिसऱ्या दिवशी मी खिडकीच्या गजाला हात लावला, त्याच्याच चिक्कीच्या डब्यात स्क्रू मांडले, बॅटरीची वायर सोडवली, खोडरबर घेतला. पट्टी बसवली, बटण दाबलं... तीच ओळ. वाटलं, संपलं. आता मावशींना काय तोंड दाखवू? मग त्याचं एक बोलणं आठवलं, "नुसती ठिवू नगा, टक् कळलं पायजे बोटाला." पुन्हा सगळं बंद केलं, पट्टी काढून नीट आतपर्यंत दाबली. बोटाला कळलं. या वेळी पडदा उजळला.

रेकॉर्डिंगची यादी लांबलचक होती. मी सगळ्यात शेवटचं लावलं. "गुरुजी, घाबरू नगा. आदी बंद करा, च्या प्या, मग बघू." तोच मिस्कील आवाज. मागे पत्र्यावर पाऊस, आणि मध्येच लांबून मावशींची हाक, "मिलिंदा, भात निवतोय, ये की." आणि तो, कामातून मान वर न काढता, "आलोच गं आई, एवढं झालं की आलोच."

मावशींनी पदर तोंडाला लावला. "आलोच म्हनतोय," त्या म्हणाल्या. "पुन्ना लावा." मी पुन्हा लावलं. किती वेळा लावलं ते मोजलं नाही. त्याला करायचे तसा फोन आता कुणालाच करता येणार नाही, हे मला त्या ओटीवर बसून पहिल्यांदा नीट कळलं.

सगळी रेकॉर्डिंग दोन ठिकाणी उतरवून घेतली आणि लॅपटॉप कपाटात ठेवला. खोलीतून निघताना सवयीने हात बोर्डाकडे गेला. कपाटाच्या फटीतून पिवळी रेघ जमिनीवर आली होती. मी हात मागे घेतला आणि दार नुसतं ओढून घेतलं.