नळ चावू लागला तेव्हा

माझा स्वभाव मुळातच संशयी. दूध घट्ट आलं तरी मी गवळ्याला विचारतो, आज काय झालं? त्यामुळे बायको ओल्या हातानं बाथरूममधून बाहेर येऊन "अहो, नळ चावायलाय! लय झिणझिण्या आल्या," म्हणाली, तेव्हा पहिला संशय वायरमनवर गेला. दिवाळीत त्यानंच गिझर बसवला होता. पुन्हा बोलावणं यावं म्हणून काहीतरी ढिलं ठेवलं असणार.

मी नळाला टेस्टर लावला. पेटला. गिझर बंद केला, टेस्टरही विझला. म्हणजे कॉईल खराब, आणि तीही यानंच जुनी घातली असणार. पाणीही कोमटच येत होतं. पण गिझर लावला की घरातले दिवेही मंदावत. मग संशय शेजाऱ्यावर. आमच्या लाईनवर आकडा टाकला असेल म्हणून दोन दिवस सकाळी गच्चीवर उभा राहून त्याच्या तारा न्याहाळल्या. काही सापडलं नाही, याचाही राग आला.

बायको चुलीवर पाणी तापवत होती. "संक्रांतीला लेक येणार हाय, बाळाला घेऊन. वायरमनला बोलवा की," असं ती रोज म्हणे. शेवटी बोलावलं आणि त्याच्या हातांवर नजर ठेवून उभा राहिलो.

त्यानं कॉईल तपासली. चांगली होती. मग मीटरजवळचा बोर्ड उघडला.

"मामा, हे कोन केलं? न्यूट्रल तुटलेलं हाय आन् समदं घर अर्थिंगवर चालायलंय."

दोन तारांना पीळ होता आणि त्यावर टेपऐवजी सोयाबीनच्या बियाण्याच्या पिशवीचा निळा तुकडा गुंडाळलेला. मी तो लगेच ओळखला. उन्हाळ्यात न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी तार, तुटली, पंखा बंद पडला, तेव्हा घाईघाईनं मीच घरातली ती तार अर्थिंगच्या तारेला जोडली होती. पंखा फिरला आणि मी विसरलो. तेव्हा धुण्याचं पाणी अर्थिंगच्या खड्ड्यात जायचं, ओल्या मातीत करंट मुरायचा. दिवाळीत अंगणात फरशी केली, खड्डा हळूहळू कोरडा पडला. जमिनीत न मुरलेला करंट गिझरच्या अर्थिंगच्या तारेतून नळात उतरत होता.

"मीच केलं," मी म्हणालो. मान वर करायची लाज वाटत होती.

बायकोनं तो निळा तुकडा पाहिला. कात्रीनं तो तिनंच मला कापून दिला होता.

"बरं झालं, मला चावला," ती म्हणाली. "त्याच नळाखाली बाळाला न्हाऊ घालनार होते मी."