तिसरी प्रत

सोलापुरात माझं फोटोचं दुकान होतं, तेव्हा गिरणीतला एक कामगार माझ्याकडे यायचा. नाव मी कधी विचारलं नाही. गिरणीच्या साहेबानं हौसेनं पोरांच्या खेळांची फिल्म घेतली होती आणि तिच्या प्रती दोस्तांना वाटल्या होत्या. तीत या माणसाची मुलगी क्षणभर दिसायची. पुढं ती तापानं गेली. तिचा दुसरा फोटो नव्हता.

जुन्या बाजारात त्याला मिळालेली पहिली प्रत ओरखड्यांनी भरलेली होती, दुसरी धुरकट. दोन्हींत चेहऱ्याच्या जागी नुसता काळपट डाग. तिसरी मात्र स्वच्छ निघाली. मी फिल्म दाखवायच्या यंत्राचं हँडल सावकाश फिरवलं. फ्रॉकवरची फुलंसुद्धा दिसली. मुलगी धावता धावता मागं वळली होती. तो डाग तिच्या केसांचा होता.

"चेहरा आलाच नाही हो," मी म्हणालो.

"कसा येईल? मीच हाक मारली हुती," तो म्हणाला. "मागं उभा हुतो की मी."

त्यानं स्टूल पडद्याच्या जवळ ओढलं.

"परत एकदा दावा."

मी हँडल फिरवलं. मुलगी धावत आली, आणि ती वळायच्या आधी त्यानं हलक्या आवाजात तिला हाक मारली.