वजीरचं पाणी

आवडाबाईंनी सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला तो ओल्यातच. पलंगाच्या कडेपासून उंबऱ्यापर्यंत ओघळ गेला होता, आणि वजीर कोपऱ्यात शेपूट पोटाशी घेऊन बसला होता. कान पाडलेले, नजर फरशीवर.

"काय रं घोड्या, आठ वर्षांचा झालास आन् आता सुचलं व्हय हे तुला?"

पहिल्या दिवशी त्या हसल्याच. अंगणवाडीत मदतनीस म्हणून त्यांची उमर गेली होती, गल्लीतल्या निम्म्या पोरांच्या चड्ड्या त्यांनी बदललेल्या. मुताला भिणारी बाई नव्हे ती. नवरा गेला त्या साली कुणीतरी हे मुठीएवढं कुत्र्याचं पिल्लू दारात आणून टाकलं. मुलगा काकासाहेब शेंद्र्याला कारखान्यात पाळीवर गेला, की मुकुंदवाडीच्या त्या दोन खोल्यांत या दोघांचंच बोलणं चालायचं. एक बोलायचं, दुसरं ऐकायचं.

पण हे रोजचं झालं. आणि पुसताना आवडाबाईंच्या ध्यानात आलं, की याला वास नाही, रंग नाही. निव्वळ पाणी. आणि इतकं, की फडकं पुन्हा पुन्हा पिळावं लागे. मनात कुठंतरी ते टोचलं. पण टोचलेलं धरून बसायला सवड कुठं होती?

"माय, रविवारी तुझी सून पैठणहून येती," काकासाहेब म्हणाला. "पोरगं रांगायला लागलंय. त्या मुतात हात घालून तोंडात घालील."

"कळतंय मला."

"तवर थांबलं तर ठीक. नाय तर करमाडच्या पुढं ढाब्यावर सोडून येतो. लई कुत्री जगत्यात तिथं. खायला मिळतं."

"ट्रकबी मिळत्यात," आवडाबाई म्हणाल्या.

त्यानं डबा उचलला आणि तो पाळीवर निघाला, म्हणजे त्याचं ठरलं होतं.

मग उपाय सुरू झाले. सगळी गल्ली दारात टांगते तशी निळीच्या पाण्याची बाटली त्यांनी पलंगाच्या पायाशी ठेवली. वजीर तिला हुंगून बाजूलाच मुतला. फिनेल झालं, रागावणं झालं, नाक धरून ओल्यावर टेकवणंही झालं. त्या दिवशी आवडाबाईंना जेवण गेलं नाही.

आणि मग त्यांची नजर पाण्याच्या परातीवर गेली.

पाणी म्हणजे त्या गल्लीतला जिव्हाळ्याचा विषय. नळ आठवड्यातून एकदा आला तर आला. घराघरात निळे ड्रम, त्यांवर झाकण, झाकणावर दगड. तिथं वजीर परातभर पाणी एका दमात संपवायचा आणि रिकाम्या परातीपाशी उभा राहून आवडाबाईंकडं बघायचा. एवढं ढोसतोय म्हणूनच एवढं मुततोय, असं आवडाबाईंनी जुळवलं. परात माळ्यावर गेली. सकाळी वाटीभर पाणी, सांजेला वाटीभर. माणसं मोजून पितात, तर कुत्र्यानं का नाही?

फरशी कमी भिजू लागली. काकासाहेबानंही मान डोलावली. "जमलं की गं माय!"

वजीर मात्र ड्रमाची बाहेरची बाजू चाटत बसू लागला. दोरीवर धुणं घातलं, की खाली जाऊन तोंड वर करून उभा राही, थेंब पडेल म्हणून. आवडाबाई बघत आणि स्वतःला समजावत, सवय मोडताना असंच होतं.

शुक्रवारी शेजारची रईसा कुंपणावरून म्हणाली, "ओ आवडाबाई, तुमचा वजीर आमच्या बकरीचं घमेलं चाटून साफ करून गेला! घरात पाणी देत नाय का त्याला? आमची बकरी बघतच राहिली बिचारी."

ती हसत होती. पण दुसऱ्याचं पाणी पळवणं म्हणजे त्या गल्लीत चोरीपेक्षा वाईट. आवडाबाईंचे कान तापले. त्यांनी वजीरला आत आणून खिडकीच्या गजाला साखळीनं बांधलं.

शनिवारी सकाळी फरशी कोरडी ठणठणीत होती. आवडाबाईंना हायसं वाटलं, पण चहा होईपर्यंतच. वजीर उठलाच नाही. त्यानं पिवळा फेस ओकला. बाहेर नेलं तर खांबाशी पाय वर न करताच खाली बसला. त्यांनी धावत परात काढली, काठोकाठ भरून तोंडाशी धरली.

वजीरनं पाण्याकडं पाहिलं आणि मान वळवली.

रईसाच्या नवऱ्याच्या, कय्युमच्या रिक्षातून त्यांनी त्याला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली.

"पाणी कधीपासून तोडलंय?" त्यांनी विचारलं. तोडलंय का, असं विचारलंच नाही.

आवडाबाईंनी सगळं सांगितलं.

"बाई, तुम्ही उलटं धरलं. आतला आजार पाणी बाहेर काढत होता, म्हणून हा पीत होता. साखर आहे की मूत्रपिंड, ते रक्त तपासल्यावर कळेल." सलाईन लावता लावता ते हळूच म्हणाले, "घरी नेऊन नजर ठेवा. संध्याकाळपर्यंत लघवी झाली तर आशा आहे. नाही झाली, तर मग..." आणि सुई चिकटपट्टीनं नीट बसवत राहिले.

दिवेलागणीला पाळी संपवून काकासाहेब आला, तेव्हा खोलीच्या मधोमध आवडाबाईंच्या जुन्या लुगड्यावर वजीर आडवा होता. शेजारी त्या बसलेल्या. दर थोड्या वेळानं हात त्याच्या पोटाखाली सरकवत, बाहेर काढून तळवा बघत.

"झाली का?"

"नाय."

काकासाहेब बूट न काढताच खाली बसला. बसल्या बसल्याच त्यानं पैठणला फोन लावला. "उद्या नको येऊस. वजीरला बरं नाय."

"घरात मुततो का अजून?" तिकडून सुनेनं विचारलं.

त्यानं आईकडं पाहिलं. आवडाबाईंनी हात पुन्हा लुगड्यावर फिरवला, कडेपासून कडेपर्यंत. मग मान हलवली.

"नाय," काकासाहेब म्हणाला. "आता नाय मुतत."

"मग सुटलो की," ती म्हणाली, आणि मागं कुठंतरी बाळ हसल्याचा आवाज आला.