मूर्तिजापूरच्या पुढं बंद पडलेलं घर

आमच्या ह्यांनी निवृत्त झाल्यावर जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन तिचं चाकांवरचं घर केलं. लोकांना ते सांगत, हिमालय पाहायचाय. खरं कारण संडास होतं.

अकोल्याची माझी थोरली बहीण खुब्याचं हाड मोडल्यापासून सहा वर्षं उंबऱ्याबाहेर गेली नव्हती. काठी घेऊन घरभर फिरे, स्वयंपाक करी, कामवालीशी भांडे. पण ताई, आमच्याकडे अमरावतीला चल, म्हटलं की एकच प्रश्न यायचा, "अन् संडासचं काय?" लग्नं, बारशी, माझी साठी, सगळं त्या एका प्रश्नापाशी अडलं. शेवटी ह्यांनी गाडीतच कमोड बसवला. मग त्याला सोबत म्हणून ओटा, गॅस, पलंग आणि बाजूला ओढायची छपरी.

ताई कबूल झाली, पण जन्मभर वकिलाचा संसार केलेली बाई, अट घालूनच झाली. आठ दिवस येईन; गाडी वाटेत बंद पडली तर तिथूनच परत अकोला, आणि नंतर मला कोणी कुठं चल म्हणायचं नाही. हे म्हणाले, बंद कशी पडेल? मी तिथंच कपाळाला हात लावला. ह्यांनी आजवर ज्या ज्या गोष्टीबद्दल "कशी पडेल" म्हटलंय, ती ती पडलेली आहे.

मूर्तिजापूर मागं टाकलं आणि पुढून फाट असा आवाज आला. ह्यांनी गाडी कडेला घेतली, उतरले, वाकून पाहिलं आणि इंजिनाचा पट्टा तुटल्याचं जाहीर केलं. ताई पर्स मांडीवर घेऊन बसली आणि खिडकीतून अकोल्याच्या दिशेनं पाहू लागली. सहा वर्षांची मनधरणी रबराच्या एका तुकड्यापायी मातीत चालली होती.

विम्यासोबत रस्त्यावरच्या मदतीचा नंबर मिळाला होता, तो ह्यांनी लावला. पलीकडच्या मुलीनं हिंदीत विचारलं, गाडी घरी आहे की रस्त्यावर? हे म्हणाले, दोन्ही. गाडीचा प्रकार कोणता, तर तिच्या यादीत घर नव्हतं. आत पलंग आहे म्हटल्यावर तिनं ॲम्ब्युलन्स लिहून घेतलं. जवळची खूण सांगा, म्हणाली. ह्यांनी अत्यंत गंभीरपणे सांगितलं, डाव्या हाताला तुरीचं शेत आहे. भर हिवाळ्यात वऱ्हाडात ही खूण देणाऱ्या माणसाशी मी चाळीस वर्षं संसार केला आहे. दीड तासात माणूस येईल, असं कळलं.

दीड तास नुसतं काय बसायचं, म्हणून छपरी ओढली, खुर्च्या मांडल्या आणि चहा टाकला. त्या तुरीच्या शेताचा मालक बांधावरून बघत होता, त्याला हाक मारली. आमच्याकडे दारात आलेल्या माणसाला आधी चहा देतात, नाव-गाव नंतर. हातात कप असताना "काय काम काढलं?" विचारणं म्हणजे त्याला हाकलणंच. दार रस्त्यावर असलं म्हणून रीत थोडीच बदलते. शेतकऱ्यामागून त्याचा भाऊ आला, मग उकडायला तुरीच्या ओल्या शेंगा आल्या, मग दोन ट्रकवाले थांबले.

आतून ताईचा आवाज आला, "साखर किती टाकून राहिली तू? लोकायले मारतं काय?" आणि काठी टेकत ती स्वतःच तीन पायऱ्या उतरली. कोणी हात दिला नाही, कारण कोणाला सुचलंच नाही. पाच मिनिटांत पातेलं तिच्या ताब्यात गेलं. शेंगांत मीठ तिनं टाकलं, ट्रकवाल्यांना पोरंबाळं किती ते तिनं विचारलं, आणि अकोल्याचं नाव काही काढलं नाही. माझा जीव मात्र टांगणीलाच होता, कारण पर्स अजून तिच्या खांद्याला होती.

मग तिसरा ट्रकवाला आला. ट्रक पुढं बाभळीखाली लावून चालत आला, पन्नाशीचा, वैतागलेला. एक कट चहा द्या, म्हणाला. ताईनं भरून कप दिला, वर शेंगांची ताटली. दुसऱ्या कपानंतर त्यानं गाऱ्हाणं सुरू केलं. ॲम्ब्युलन्स बंद पडलीय म्हणून निरोप आला, तीन चकरा मारल्या, रस्त्यावर ॲम्ब्युलन्सचा पत्ता नाही. आणि खूण काय दिलीय, तर म्हणे तुरीचं शेत. सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं आमचे हे हसले आणि म्हणाले, अशा लोकांना गाडी चालवायचा परवानाच देऊ नये.

हसणं चालू असतानाच त्यानं गिऱ्हाइकाला फोन लावला, आणि ह्यांचा खिसा वाजू लागला.

त्यानं खिशाकडे पाहिलं, मग छपरीकडे, मग छपरीमागच्या चाकांकडे.

"मी तं हाटेल समजलो," तो म्हणाला. "पयलेच काहून नाही सांगतलं?"

"तू च्या पिऊन राह्यला होता ना बापा," ताई शांतपणे म्हणाली.

मी इतकी हसले की खुर्चीवरून घसरले. शेतकऱ्याला ठसका लागला, त्याच्या पाठीवर ह्यांनी थापट्या मारल्या, आणि शेवटी तो माणूसही डोळे पुसत हसू लागला.

पण हवा तो पट्टा त्याच्याजवळ नव्हता. गाडी ट्रकवर चढवून न्यावी लागणार होती, तीही एकाच गावाला. अकोला म्हणा नाहीतर अमरावती. चढवलेल्या गाडीत माणूस बसवता येत नाही आणि केबिनमध्ये जागा एकच आहे, असं त्यानं बजावलं.

माझं हसू कुठल्या कुठं गेलं. हे तुटका पट्टा अंगठ्यानं चोळत उभे राहिले. शब्द दिला होता आम्ही. मीच म्हणाले, अकोलाच सांगा, ताईला बसवून न्या, आम्ही मागून बसने येतो.

"तुले कोनं विचारलं?" ताई म्हणाली. मग त्या माणसाकडे वळली. "बापा, गाडी तू कुठीबी टाक. मले अमरावतीले घेऊन चाल."

शेतकरी आणि त्याच्या भावानं तिला खुर्चीसकट उचललं. काठी आधी केबिनमध्ये गेली, मग ताई. अमरावतीला राजापेठेत आमचा मुलगा तिला उतरवून घेईल असं मी फोनवर ठरवत होते आणि ते तिला ओरडून सांगत होते. पण तिचं लक्षच नव्हतं, ती ट्रकवाल्याला बाजूचा आरसा पुसून घ्यायला लावत होती. संडासचं तिनं विचारलं नाही. ते मागं दोरखंडांनी बांधलेलं होतं आणि त्याचा तिला काडीचा उपयोग नव्हता.

ट्रक निघाला. मी हात हलवला, पण तिनं मागं वळून पाहिलं नाही. कोणी वाटेवर टाकून गेल्याचा इतका आनंद मला उभ्या आयुष्यात झाला नव्हता. ट्रक दिसेनासा झाल्यावर मी भर रस्त्यात रडले, आणि हे घाईत मागं राहिलेल्या खुर्च्या मिटू लागले.