शैलजाकाकूंची रजा

अमेरिकेतल्या फ्रीमाँटची चार मराठी कुटुंबं दर नाताळात टाहोला, बर्फात, घर भाड्याने घेत. सगळे दिवसभर स्कीइंग करत आणि शैलजाकाकू त्यांच्यासाठी रांधत. "काकू, तुमच्या हातची चव आमच्या हाताला कुठली!" असं कुणी म्हटलं, की त्या ओट्यापाशीच राहत. यंदा मात्र या दरवर्षीच्या रांधण्याला त्या इतक्या थकल्या होत्या, की पहिल्याच सकाळी त्यांनी सून चैत्रालीच्या हाती तांदळाचा डबा दिला.

"आज खिचडी तू कर. मी जाते."

"आई, एकट्या? पडलात तर?"

"पडले तर तिथंच निजेन जरा."

भाड्याच्या स्की पायांना अडकवून त्या पाइनच्या झाडांतल्या सपाट वाटेने हळूहळू सरकत निघाल्या. दोनदा पडल्या. गुडघे कुरकुरू लागले, पण कुणी हाक मारत नव्हतं, त्याचंच बरं वाटत होतं. तेवढ्यात खिशातला फोन वाजला.

"आई, खिचडी खाली लागलीय. काय करू?"

"वरची वाढ."

"आणि तुम्ही कधी येताय?"

काकूंनी मागे पाहिलं. एवढं दमूनही त्या फार लांब आल्या नव्हत्या; घराचं धुराडं स्पष्ट दिसत होतं.

"घर अजून दिसतंय गं. दिसेनासं झालं, की मग बघते," त्या म्हणाल्या आणि त्यांनी काठ्या पुढे रोवल्या.